एक कसं मोजलंस?

माझ्याकडे एकच गाणी चार वेळा आहेत. जॉर्ज हॅरिसनचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हा तीन तबकड्यांचा संच १९७० च्या नोव्हेंबरात निघाला. त्याची एक जुनी प्रत, २००१ ची सीडी, पन्नाशीच्या निमित्ताने २०२१ मध्ये काढलेला पाच तबकड्यांचा संच, आणि त्याच वेळी निघालेली आठ तबकड्यांची मोठी पेटी. आल्बमच्या नावाचा अर्थ सरळ आहे : जे आहे ते सगळं सरणार. आमच्या बारा भावनांतली पहिली भावना अनित्य. तीही दुसरं काही सांगत नाही. म्हणजे सगळं सरणार आहे, हे मी चार वेळा विकत घेऊन कपाटात नीट उभं करून ठेवलंय.

यातली गंमत मला पुष्कळ उशिरा कळली. कळली तेव्हा मी पाचव्या प्रतीचा हिशेब करत होते.

२०२१ मध्ये या आल्बमची आणखी एक आवृत्ती निघाली होती. लाकडी पेटी, किंमत ९९९ डॉलर ९८ सेंट. आत आठ तबकड्या, पाच सीडी, एक ब्लू-रे. मुखपृष्ठावर हॅरिसन बागेत बसलाय आणि भोवती दाढीवाले बुटके पुतळे आडवे पडलेत. त्या सगळ्यांच्या छोट्या प्रतिकृती. त्याच्या फ्रायर पार्कमधल्या ओकच्या लाकडाची पुस्तकखूण. परमहंस योगानंदांचं एक पुस्तक. आणि रुद्राक्ष. आमच्या घरात रुद्राक्ष कुणी घालत नाही, पुतळे ठेवायला जागा नाही, आणि आतली सगळी गाणी माझ्याकडे आधीच होती. तरी मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या डॉलरचे रुपये करायची, त्यात जहाजाचं भाडं आणि जकात मिळवायची, आणि आकडा ऐकून झोप उडाली की तो पुन्हा करून बघायची. जणू दुसऱ्यांदा केल्यावर कमी होणार होता.

नुसत्या हौसेची गोष्ट असती तर इथे लिहिली नसती. मी व्रत घेतलेलं आहे, आणि ते या कपाटाबद्दलच आहे.

गृहस्थाला सगळा परिग्रह सोडता येत नाही, हे आमच्या धर्माने पहिल्यापासून ओळखलंय. म्हणून आपल्यासारख्यांसाठी परिग्रह-परिमाण. किती ठेवणार ते स्वतः ठरवायचं, आणि ठरवलं की त्यापुढे जायचं नाही. माझ्या आईचं परिमाण साड्यांचं आहे. पंचवीस. लग्नकार्यात आहेर आला की कपाटातली एक बाहेर निघते. मी लहानपणापासून हे बघत आलेय. काही वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात, आकिंचन्याच्या दिवशी, बस्तीतून घरी येऊन मीही बोलून टाकलं : रेकॉर्ड दीडशे, पुढे एकही नाही. तेव्हा माझ्याकडे एकशे बेचाळीस होत्या. आठांची सोय ठेवून घेतलेलं व्रत होतं ते. आईच्या ते लक्षात आलं असणार, पण बोलली नाही.

पुढे मी काय काय केलं ते सांगते. सीडी मोजायच्या नाहीत असं ठरवलं, कारण व्रत घेताना तोंडून 'रेकॉर्ड' हा शब्द गेला होता. एकाच आल्बमची दुसरी आवृत्ती आली तर ती नवी वस्तू नाही, जुन्या वस्तूचीच दुरुस्ती आहे, असं ठरवलं. आणि पेटीत कितीही तबकड्या असल्या तरी पेटी एक, तेव्हा मोजदादही एक. वकिलीत गेले असते तर बरी चालले असते.

आठ तबकड्यांची पेटी आली त्या दिवशी आई दाराशी बसून शेंगा निवडत होती.

"किती झाली गं तुझी?"

"एकशे एकोणपन्नास."

"आन् ही?"

"हिच्यासकट."

तिने पेटीकडे बघितलं. "आत आठ हाईत म्हणालीस की. एक कसं मोजलंस?"

"पेटी एक आहे ना आई."

"मग कपाट बी एकच हाय की," ती म्हणाली, आणि पुन्हा शेंगांकडे वळली.

त्या दिवशी मला राग आला. पण ती चुकीचं काय बोलली होती? मोजण्याचं माप मी हवं तसं ताणत होते, आणि ताणायला सुरुवात झाली की कपाटच काय, घरही एकच असतं.

तत्त्वार्थसूत्र दशलक्षणात रोज एक अध्याय वाचलं जातं. सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या आहे, आणि ती लहानपणी ऐकताना मला नेहमी अर्धवट वाटायची. उमास्वामी वस्तूंची नावं घेत नाहीत, आकडा सांगत नाहीत. मूर्च्छेला ते परिग्रह म्हणतात. मूर्च्छा म्हणजे 'हे माझं' या भावनेत शुद्ध हरपणं. भरलेल्या घरातही माणूस मोकळा असू शकतो, आणि एका कमंडलूवर जीव जडला तर मुनीसुद्धा परिग्रही. हे वाचून मला आधी फार बरं वाटलं होतं. म्हणजे आकड्याला महत्त्व नाही! मग पेटी आली तर काय बिघडलं? मूर्च्छा नसली म्हणजे झालं. आणि मला कुठली आलीय मूर्च्छा? मी तर आवाजासाठी घेते.

या शेवटच्या वाक्याची परीक्षा दुसऱ्यांवर झालेली मी पाहिली.

अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी नावाची कंपनी आहे. जुन्या आल्बमांच्या उंची आवृत्त्या काढण्यात तिचं नाव मोठं. तिच्या सर्वांत महाग मालिकेतली एकेक आवृत्ती सव्वाशे डॉलरची. घेणारे असं धरून चालले होते की मूळ टेपवरून थेट तबकडी कोरली जाते, मध्ये संगणकाचा स्पर्श नाही. मग मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या चाळीस हजार प्रती काढणार असं जाहीर झालं, तेव्हा लोकांना शंका आली. त्या पद्धतीने इतक्या प्रती काढायच्या तर मूळ टेप पुन्हा पुन्हा चालवावी लागणार. जिवापाड जपलेली टेप इतक्यांदा कोण चालवू देईल? २०२२ च्या जुलैत फिनिक्स शहरातल्या एका रेकॉर्डच्या दुकानदाराने हा प्रश्न उघड विचारला आणि कंपनीच्या तंत्रज्ञांनी कबूल केलं, की टेपची आधी डिजिटल नक्कल केली जाते, आणि तबकडी त्या नकलेवरून कोरली जाते. हे बरीच वर्षं चालू होतं. पुढे खटला झाला, सुमारे अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. रेकॉर्ड परत करून सगळे पैसे घ्या, किंवा रेकॉर्ड ठेवा आणि थोडी भरपाई घ्या, असे पर्याय गिऱ्हाइकांना मिळाले.

कंपनीने गप्प राहून गिऱ्हाइकाला गैरसमजात ठेवलं, यात वाद नाही. सत्याचं व्रत नुसत्या बोलण्यापुरतं नसतं, न बोलण्यालाही लागू असतं. पण मी विचार करत राहिले तो घेणाऱ्यांचा. याच रेकॉर्ड ऐकून ज्यांनी वर्षानुवर्षं शुद्ध टेपच्या आवाजाची तारीफ केली होती, त्यांच्या घरातला आवाज त्या जुलैत केसभरही बदलला नव्हता. तीच तबकडी, तीच सुई, तीच खोली. बदललं ते एवढंच, की आपल्याकडे इतरांकडे नाही असं काही आहे ही खात्री गेली. आणि आवाज नासला.

मग कान काय ऐकत होते?

हे त्यांना विचारणं सोपं होतं. स्वतःला विचारलं तेव्हा मी उठून कपाट उघडलं. आठ तबकड्यांच्या पेटीतल्या पाच तबकड्यांवर सुई एकदाही टेकली नव्हती. पाच तबकड्यांच्या संचाचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. न फोडलेल्या प्रतीला पुढे भाव येतो, हे मला ठाऊक होतं. बीटल्सच्या १९६८ च्या पांढऱ्या आल्बमवर क्रमांक छापलेले होते. लाखोंनी छापायच्या वस्तूवर दुर्मीळ चित्रासारखा क्रमांक टाकायचा, ही मुखपृष्ठ करणाऱ्या रिचर्ड हॅमिल्टनची थट्टा होती. त्यातली पहिल्या क्रमांकाची प्रत रिंगो स्टारकडे होती. ती पस्तीसहून अधिक वर्षं लंडनच्या एका बँकेच्या तिजोरीत राहिली आणि २०१५ च्या डिसेंबरात लिलावात सात लाख नव्वद हजार डॉलरला गेली. थट्टेचा कुणालाच पत्ता राहिला नाही. गाणं तिजोरीत होतं, आणि तिजोरीत गाणं वाजत नाही.

दुसरी बाजू सांगितली नाही तर मीही गप्प राहून फसवल्यासारखं होईल. नव्या आवृत्त्या म्हणजे निव्वळ लूट नव्हे. हॅरिसनने हा आल्बम फिल स्पेक्टरबरोबर केला. स्पेक्टरला घुमारा फार प्रिय. वाद्यांवर वाद्यं चढवून तो भिंत उभी करायचा. तीस वर्षांनी, २००१ ची आवृत्ती काढताना, हॅरिसनने स्वतःच लिहिलं होतं की ही गाणी त्या घुमाऱ्यातून मोकळी करावीशी वाटतात. त्याच वर्षीच्या २९ नोव्हेंबरला तो गेला. पुढे त्याचा मुलगा धनी आणि पॉल हिक्स यांनी जुन्या टेप्सवरून गाण्यांचं मिश्रण नव्याने केलं, तेच २०२१ मध्ये आलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्याचा श्वास ऐकू आला. आमच्याकडे नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचं पुण्य मोठं मानतात, ते का, हे मला त्या क्षणी पटलं. पण जीर्णोद्धार झालेल्या मंदिराचं दार दर्शनाला उघडं असतं. माझ्या संचावर प्लॅस्टिक होतं.

दार बंद ठेवण्याची खोड आपल्यातही जुनीच. मूडबिद्रीला षट्खंडागमावरच्या धवला टीकेच्या ताडपत्रांच्या पोथ्या शतकानुशतकं सांभाळल्या गेल्या. सांभाळणाऱ्यांचे उपकार आहेतच. पण त्या फक्त दर्शनाच्या झाल्या होत्या. यात्रेकरू यायचे, हात जोडायचे, जायचे. वाचायला मिळत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकला करायला सुरुवात झाली, तीही तिथेच ठेवायच्या या बोलीवर. नकलणाऱ्यांपैकी एकाने गुपचूप आणखी एक प्रत उतरवून बाहेर नेली, आणि त्यातून पुढे प्रती झाल्या. हिरालाल जैनांनी संपादून अमरावतीहून १९३९ मध्ये पहिला भाग छापला, तेव्हा कुठे तो ग्रंथ तुमच्या-माझ्या हाती आला. चोरून नक्कल करणं अचौर्याच्या व्रतात बसत नाही. तरी त्या माणसाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

आणि याच कन्नड मुलखात, त्याच्या कितीतरी आधी, दहाव्या शतकात अत्तिमब्बे होऊन गेली. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या तिने एक हजार प्रती करवून घेतल्या आणि वाटल्या. त्या काळी एक प्रत म्हणजे ताडपत्रावर एका माणसाची कित्येक दिवसांची मेहनत. तीही एक आवृत्तीच होती. प्रती थोड्या आहेत म्हणून किंमत मोठी, हा आजचा हिशेब. प्रती पुष्कळ हव्यात म्हणून खर्च मोठा, हा तिचा.

लाकडी पेटी मी घेतली नाही. व्रतामुळे नाही; तेवढे पैसे नव्हते म्हणून. हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्या वर्षीच्या पर्वात मी तबकड्या खऱ्या मापाने मोजल्या, पेटी फोडून, सीडीसकट. दोनशे सोळा भरल्या. व्रत कधी मोडलं तेही कळलं नव्हतं.

सहासष्ट तबकड्या कमी करायच्या होत्या. पहिला दिला तो पाच तबकड्यांचा न फोडलेला संच. ओळखीच्या एका कॉलेजच्या मुलाला, तो गिटार वाजवतो. त्याने माझ्यासमोरच प्लॅस्टिक टरकावलं. माझ्या पोटात कालवलं, आणि मूर्च्छा म्हणजे काय, ते सूत्र कितीदा ऐकून कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिने विचारलं, "आवडतं हुतं ते दिलंस, का नको हुतं ते?"

मी गप्प बसले. आई आहेराची साडी आली की कपाटातली विरलेली साडी काढत नाही. विरलेली तर कुणीही काढेल, ती म्हणते, ते देणं नव्हे, टाकणं. नेसायला आवडणारी निघते. मी दिलं ते चारांतलं मला सर्वांत कमी लागणारं होतं.

अजून बऱ्याच द्यायच्या उरल्यात. जुनी, खरखरणारी प्रत मी ठेवणार आहे, ती माझी ऐकायची आहे. आठांची पेटी खालच्या फळीवर आहे. त्यातल्या पाच तबकड्या मी आता एकेक करून ऐकतेय. ऐकून झाल्या की देईन, असं ठरवलंय. सध्या तिसरीवर आहे, आणि ती जरा हळूच ऐकतेय.