धीर धरणाऱ्यांचे धैर्य

‘धैर्य’ हा शब्द मराठीत ‘धीर’ या शब्दाशी इतका जवळून बांधलेला आहे की धीर धरणे म्हणजे चाल करून जाणे नव्हे, तर जागा न सोडणे, हे मराठी भाषकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कॅथलिक नीतिविचारातील धैर्याची कल्पना या अर्थाच्या आश्चर्यकारकरीत्या जवळ येते. 13व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात धैर्याचा विचार चार आधारसद्गुणांपैकी एक म्हणून केला. बिजागरीवर दार फिरावे तसे ज्यांच्यावर सारे नैतिक जीवन फिरते, ते विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार सद्गुण म्हणजे आधारसद्गुण होत. धैर्याची दोन कार्ये त्यांनी सांगितली, संकटावर तुटून पडणे आणि संकट सोसत उभे राहणे. आणि त्यांतले दुसरे कार्य श्रेष्ठ ठरवले. सोसणाऱ्यासमोरची शक्ती बहुधा त्याच्याहून बलवान असते. चाल करणाऱ्याला संकट अजून पुढे दिसत असते, तर सोसणाऱ्याच्या अंगावर ते आधीच येऊन ठेपलेले असते. शिवाय हल्ला क्षणात करता येतो, सोसण्याला मात्र काळ लागतो, अशी त्यांची कारणमीमांसा आहे.

यांतला काळाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यातूनच ‘सातत्य’ हा धैर्याशी जोडलेला सद्गुण पुढे येतो. सत्कार्य लांबत गेल्यामुळे जी खडतरता निर्माण होते, तिला न कंटाळता शेवटपर्यंत टिकून राहणे म्हणजे सातत्य. या सद्गुणाला दोन बाजूंनी धोका असतो, एका बाजूला थोड्याशा कष्टाने माघार घेणारा हळवेपणा आणि दुसऱ्या बाजूला मर्यादेपलीकडे आपलेच म्हणणे धरून बसणारा हट्ट. श्रद्धेतील चिकाटीला बाहेरून पाहणारे तिला हट्टच समजतात, म्हणून हा भेद नीट ध्यानात घ्यावा लागतो: हट्टी माणसाचा आधार स्वतःवर असतो, तर श्रद्धावान माणसाचे सातत्य दुसऱ्याच्या आधारावर उभे असते. हा आधार म्हणजे ईश्वरी कृपा, अर्थात माणसाने न कमावलेले आणि देवाने आपणहून दिलेले साहाय्य. मरणापर्यंत टिकून राहणे हे दानच आहे, असे संत ऑगस्टीन यांनी आयुष्याच्या अखेरीस एका स्वतंत्र ग्रंथात मांडले होते, आणि ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 मध्ये पुढे जाऊन असे ठरवले की हे दान आपल्याला मिळणारच, अशी निःशंक खात्री विशेष दैवी प्रकटीकरणाशिवाय कोणीही बाळगू शकत नाही. ही शिकवण कठोर वाटते. परंतु आजचे धैर्य उद्याचीही हमी आहे, असे मानणाऱ्या अहंकाराला तिच्यात जागा उरत नाही, हे तिचे मोठेच सामर्थ्य म्हटले पाहिजे.

या विचाराची खरी कसोटी जपानच्या इतिहासात लागली, आणि तिची सुरुवात ज्यांच्यापासून झाली त्यांच्यात वसईचा एक पुत्र होता. 1557च्या सुमारास वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानमध्ये व्यापार करत असताना तिथली भाषा शिकले, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात व्रतबंधू झाले आणि दुभाषी म्हणून जपानला परतले. तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाच्या आज्ञेने त्यांना व त्यांच्या सोबत्यांना पकडण्यात आले, क्योतो येथे त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेऊन 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर एकूण 26 जणांना क्रुसावर चढवण्यात आले. रक्तसाक्षी, म्हणजे आपल्या मरणाने श्रद्धेची साक्ष देणारा, याच्या धैर्यालाच अक्वायनस यांनी धैर्याचे परमोच्च कार्य मानले होते. 1862 मध्ये या साऱ्यांना संतपद देण्यात आले आणि भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून गोन्सालो यांचे नाव वसईच्या ख्रिस्ती समाजात आजही आपलेपणाने घेतले जाते.

तथापि जपानचा अधिक अवघड अध्याय यानंतरचा आहे. 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि 1644 नंतर लपूनछपून सेवा करणारा एकही धर्मगुरू तिथे उरला नाही. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, ग्रंथ बाळगण्याची सोय नाही, अशा अवस्थेत शेतकरी आणि कोळी कुटुंबांनी गुप्तपणे श्रद्धा जपली. बाप्तिस्मा देणारा, सणांचा हिशेब ठेवणारा आणि निरोप पोचवणारा अशी माणसे त्यांनी आपसांतूनच नेमली. बाप्तिस्मा हा संस्कार गरजेच्या वेळी सामान्य माणसालाही देता येतो, ही कॅथलिक शिकवण त्यांच्या कामी आली. मात्र नागासाकीच्या परिसरात लोकांना दरवर्षी ‘फुमी-ए’वर, म्हणजे ख्रिस्त किंवा पवित्र मरिया यांची प्रतिमा कोरलेल्या फलकावर, पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचे सिद्ध करावे लागे, आणि या लोकांनी तो पाय ठेवला.

या पावलाला काय म्हणावे? ते योग्य होते असे कॅथलिक शिकवण म्हणत नाही, आणि ज्यांनी तो पाय न ठेवता प्राण दिले त्यांच्या मरणाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. परंतु त्या एकाच कृतीवरून त्या माणसांची श्रद्धा मोजणे हा अन्याय ठरेल, कारण घरी परतल्यावर ती माणसे पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. त्यांच्या हाती ‘कोन्चिरिसान’ या विषयावरची, 17व्या शतकाच्या आरंभी तयार झालेली एक लहानशी शिकवण होती. देवावरील प्रेमापोटी होणारा पूर्ण पश्चात्ताप, असा त्या मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ. पापनिवेदनाची मनापासून इच्छा असलेल्या माणसाचा असा पश्चात्ताप संस्कार मिळण्यापूर्वीही त्याचा देवाशी समेट घडवतो, असे ट्रेंटच्याच परिषदेने 1551 मध्ये सांगितले होते. धर्मगुरू मिळण्याची शक्यता नसलेल्या माणसाला या शिकवणीचा केवढा आधार वाटला असेल! सात पिढ्या हे चक्र चालले: वर्षातून एकदा नकार, आणि मग पुन्हा गुडघे टेकणे. सातत्याची व्याख्या करणाऱ्या ग्रंथकारांच्या नजरेसमोर बहुधा न ढळणारा माणूस होता. इथे ढळलेला आणि तरीही न सोडणारा माणूस दिसतो, आणि कृपेची अधिक गरज त्यालाच लागते.

17 मार्च 1865 रोजी नागासाकीच्या ओउरा येथील नव्या चर्चमध्ये फादर बर्नार्ड पेतिजाँ यांच्यापाशी उराकामी गावची काही माणसे येऊन पवित्र मरियेच्या प्रतिमेबद्दल विचारू लागली, तेव्हा हे सातत्य जगासमोर आले. छळ मात्र संपला नव्हता. 1867 मध्ये उराकामीच्या ख्रिस्ती लोकांना पकडून यातना देण्यात आल्या, तेव्हा ताकागी सेनएमोन यांच्यासारखा विरळा अपवाद सोडल्यास बहुतेकांनी श्रद्धा नाकारल्याचे मान्य केले आणि त्यांना सोडून देण्यात आले. घरी गेल्यावर त्यांच्यातील कित्येकजण गावच्या मुखियाकडे स्वतःच्या पायांनी परतले आणि आपण दिलेला नकार मागे घेत असल्याचे त्यांनी सांगितले. पुढे उराकामीतील तीन हजारांहून अधिक लोकांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यात आले, त्यांतील शेकडो तिथेच मरण पावले, आणि उरलेल्यांना 1873 मध्ये घरी परतता आले.