चालता हो

आपल्या भाषेत कुणाला हाकलायचं असलं तर म्हणतात, चालता हो. आणि कुणाला मान द्यायचा असला तर म्हणतात, बसा. पाटलाच्या ओसरीवर कोण बसायचं आणि अंगणात उभ्यानं जोहार कोण घालायचं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारायला नको, त्यांच्या गुडघ्यांना ठाऊक आहे. म्हणजे बसणं ही साधी गोष्ट नव्हे. चालणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही, त्यातून तो निघून जात असला तर नाहीच नाही.

हे डोक्यात आलं ते फोर्टात. वडील गेले, त्यांच्या फंडाचे पैसे अडकलेत. त्यासाठी एका कचेरीत आईची सही, आईचा अंगठा, आईचा चेहरा, सगळंच पाहिजे होतं. मी पाळी बुडवली आणि तिला घेऊन कल्याणहून लोकल धरली. भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत 2025 च्या ऑक्टोबरात सुरू झाली, ती तिला दाखवावी असं मनात होतं. सीएसएमटी ते हुतात्मा चौक, एकच स्टेशन, माणशी दहा रुपये. चालत दहा मिनिटांचा रस्ता, पण तिचे गुडघे गेलेत. भुयारात गार वारा, खाली लख्ख फरशी. सरकत्या जिन्यावर मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "जिना चालतोय आन मानूस हुबा. हे बरं हाय." मेट्रोवर टीका करणारे पुष्कळ आहेत, मी त्यातला नाही. माझ्या आईला जो जिना वर नेतो तो चांगला जिना.

वर आलो तर समोर हुतात्म्यांचं स्मारक. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार. बाजूला फ्लोरा फाउंटन, 1864 चा. अलीकडे दुरुस्त करून त्यात पुन्हा पाणी सोडलंय. आईनं विचारलं, "ह्ये पानी प्यायचं हाय का?" म्हटलं, नाही, बघायचं आहे. ती काही बोलली नाही. मी वीस रुपयांची बाटली आणली.

कचेरीत सांगितलं, साहेब जेवायला गेलेत, तीनला या. वाजले होते पावणेदोन. आता सव्वा तास जायचं कुठं? हॉटेलात बसायचं तर काही मागवावं लागतं, आणि मागवून मागवून दोघं जण सव्वा तास काय मागवणार? आम्ही डी. एन. रोडला आलो. या रस्त्यावर इमारतींच्या खाली दगडी कमानी आहेत, पडवीसारख्या. इंग्रज सरकारनं 1896 साली नियमच केला होता की इथं इमारत बांधायची तर तळाला कमानीखालून लोकांना चालायला वाट ठेवायची. घर मालकाचं, सावली लोकांची. नियम चांगला होता. त्या कमानीतल्या एका पायरीवर आई टेकली.

दोन मिनिटं झाली नसतील, वॉचमन आला. माझ्याच वयाचा असेल.

"मावशी, उठा इथनं."

"बसते रं लेका घडीभर. गुडगं धरल्यात."

"बसू देत नाहीत. पुढं जाऊन बसा."

"पुढं कुटं?"

याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. त्यानं इकडं तिकडं बघितलं. मग त्याची नजर आईच्या गळ्यातल्या बाबासाहेबांच्या लॉकेटवर गेली. आवाज एकदम खाली आला. "जय भीम मावशी. वर कॅमेरा हाय. माझी ड्यूटी जाईल." आई कमानीच्या खांबाला धरून उठली. उठता उठता म्हणाली, जय भीम. आम्ही चालायला लागलो.

मी चिडलो होतो. पण कुणावर, हे चालता चालता सापडेना. त्या पोरावर चिडायचं तर तो बारा तास उभा. त्यालाही खुर्ची नव्हती, हे मी बघून ठेवलं होतं. मालकावर चिडावं तर मालक दिसला नाही. कॅमेऱ्यावर चिडून काय होतंय? आमच्या बापजाद्यांना निदान 'दूर हो' म्हणणारं तोंड तरी समोर दिसायचं.

फोर्ट म्हणजे किल्ला. आज तिथं किल्ला नाही. तट होता, त्याला तीन दरवाजे होते, अपोलो गेट, चर्च गेट, बझार गेट. 1860 नंतरच्या दोन-चार वर्षांत सरकारनं तो तट पाडून टाकला, शहर वाढायला जागा पाहिजे होती म्हणून. दरवाजा गेला, पण चर्चगेट हे नाव राहिलं. रोज लाखो माणसं नसलेल्या दरवाजाचं तिकीट काढतात. मला वाटायचं ही गंमत आहे. आता वाटतं, नाव उगाच टिकत नाही.

आपल्या गावांनाही तट होता, गावकूस. त्याला वेस. आणि वेस राखायचं काम कुणाचं? महाराचं. वेसकर तोच. रात्री वेस लागायची, आतली माणसं निर्धास्त झोपायची आणि राखणदाराचं स्वतःचं घर वेशीच्या बाहेर. ज्या गावानं बाहेर ठेवलं त्याच गावाचा दरवाजा सांभाळायचा, भाकरीच्या तुकड्यावर. बाबासाहेबांनी 1928 सालीच या वतनाविरुद्ध कौन्सिलात बिल आणलं होतं. वतनं कायद्यानं गेली ती 1958 च्या कायद्यानं. पण त्या कमानीतला पोरगा कोण होता? वतन नाही, कंत्राट आहे. घुंगराची काठी नाही, शिट्टी आहे. त्याचं घर कुठं हे मी विचारलं नाही, पण फोर्टात नाही हे न विचारता सांगतो.

आता मूळ प्रश्न. ज्या जागेवरून जाता येतं पण जिथं थांबता येत नाही, ती जागा सार्वजनिक आहे का?

याच्यावर कुणी म्हणेल, हे काय नवीन काढलंस? पूर्वी तर जाताही येत नव्हतं. ते खरंच आहे. 1924-25 साली त्रावणकोरात वैक्कमला सत्याग्रह झाला तो देवळात जाण्यासाठी नव्हता, देवळाच्या भोवतालच्या रस्त्यावरून नुसतं चालण्यासाठी होता. इकडं 1923 साली बोल्यांचा ठराव झाला की सरकारी पैशानं बांधलेली पाणवठ्याची, धर्मशाळेची, शाळा-कचेरीची ठिकाणं अस्पृश्यांना खुली. महाडच्या म्युनिसिपालटीनं 1924 ला तळं खुलं केलं, म्हणजे कागदावर. प्यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, आणि त्या दिवशी मार खावा लागला. नंतर घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते, लोकांच्या राबत्याच्या जागा असं एकेक नाव घेऊन लिहावं लागलं. नुसतं 'सगळं' म्हणून भागलं नसतं. 'सगळं' म्हटलं की आपल्याला वगळतात, हा अनुभव होता.

राबता हा शब्द मला फार आवडतो. राबता म्हणजे एकदा येऊन जाणं नव्हे. जिथं माणूस येतो, टेकतो, दोन शब्द बोलतो, परत येतो, तिथं राबता असतो. चावडीवर राबता असतो. पुलावर रहदारी असते. या शहरात जे जे नवीन होतंय ते रहदारीचं होतंय, राबत्याचं नव्हे. माझं दुखणं एवढंच आहे. बाकड्यावर मधोमध लोखंडी दांडी बसवतात, माणूस आडवा होऊ नये म्हणून. कट्ट्यावर सळ्या रोवतात. हे कुणी एका जातीचं नाव घेऊन करत नाही. म्हणून याच्यावर कलम लावता येत नाही. 1927 साली 'नाही' म्हणणारा माणूस होता, त्याच्यासमोर जाऊन ओंजळ भरता आली. लोखंडाच्या सळीसमोर सत्याग्रह कसा करायचा?

दुसरा म्हणेल, नियम सगळ्यांना सारखा आहे. शेटजी पायरीवर बसले तरी वॉचमन उठवील. उठवील की! पण शेटजी पायरीवर बसतील कशाला? त्यांची गाडी हीच त्यांची खुर्ची. त्यांना हॉटेल आहे, क्लब आहे, केबिन आहे. ज्याला दहा ठिकाणी बसायला मिळतं त्याला अकराव्या ठिकाणी मनाई केली, आणि ज्याला एकाच ठिकाणी टेकता येत होतं त्यालाही तिथंच मनाई केली. कागदावर दोघांना नियम एकच. भोगायचा मात्र एकानंच.

मोठ्या रस्त्यांचं तर विचारूच नका. वांद्रे-वरळी पूल 2009 ला झाला, त्याच्यावर पायी माणूस, सायकल, मोटारसायकल, रिक्षा यांना बंदी. अटल सेतू 2024 ला झाला, तिथंही तेच. कोस्टल रोड त्याच वर्षापासून टप्प्याटप्प्यानं खुला झाला, त्याच्यावरही दुचाकी चालत नाही. वेगात अपघात होतील हे कारण खोटं नाही. कोस्टल रोडवर टोल नाही आणि कडेला फिरायला वाट केलीय, हेही लिहिलं पाहिजे. पण टोल नाही म्हणजे तो महापालिकेच्या, म्हणजे सगळ्यांच्या पैशातून झाला. मग ज्याच्यापाशी मोटार नाही त्यानं आपल्या वाट्याचा रस्ता कुठून जाताना बघायचा? बेस्टचं कमीत कमी तिकीट 2025 च्या मे महिन्यात पाचाचं दहा झालं, ते मात्र त्यालाच भरायचं.

इथवर लिहिणं सोपं होतं. आपण खरे, जग खोटं. पुढचं लिहायला जीव घाबरतो, पण लिहितो.

साडेतीनला आमचं काम झालं, म्हणजे झालं नाही, कागद अपुरे निघाले. सीएसएमटीला गाडी सुटायची तिथंच, म्हणून आईला बायकांच्या डब्यात जागा मिळाली. मी शेजारच्या डब्यात दारात उभा. ठाण्याला गर्दी आत घुसायला लागली. एक माणूस, पन्नाशीचा, हातात पिशवी, दांडीला हात घालून पाय ठेवायला बघत होता. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "जागा नाही इथं. पुढं जा." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तो खाली राहिला. गाडी सुटल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी काय बोललो.

खरं सांगायचं तर जागा होती. एका माणसापुरती होती. मी थोडा वळलो असतो तर झाली असती. पण रोजची सवय आहे. आत शिरेपर्यंत आपण बाहेरचे असतो, तेव्हा ओरडतो, "सरका आत, डबा काय बापाचा आहे का?" आणि एक पाऊल आत पडलं की वेसकर होतो. 9 जून 2025 ला मुंब्र्यापाशी दारात लटकलेली माणसं खाली पडून मेली. लटकणाऱ्यांना आत सरकू न देणारा कुणी एक माणूस नसतो. आम्ही सगळे असतो.

म्हणून मी वॉचमनला गुन्हेगार म्हणत नाही. त्याला निर्दोषही म्हणवत नाही, कारण मग मीही निर्दोष ठरतो आणि ते मला पटत नाही. त्याला निदान नोकरी जायची भीती होती. मला कसली होती? एवढं मात्र कळतं की ज्यांना जागा कमी ठेवली त्यांनाच जागेची राखण करायला लावली की वरच्याला स्वतः काही बोलावं लागत नाही. गावानं हे शेकडो वर्षं केलं. पण हे कळल्यानं माझं वाक्य परत तोंडात जात नाही.

बाबासाहेबांची याच भागातली गोष्ट आहे. 1918 ला ते सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले, तरी सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावायला हरकत घेतली. पुढं 1946 ला त्यांच्याच संस्थेचं सिद्धार्थ कॉलेज निघालं आणि ते फोर्टात आलं. गावाबाहेर स्वस्त जमीन बघून नव्हे, ऐन किल्ल्याच्या पोटात, दोन्ही स्टेशनांपासून चालत यावं अशा ठिकाणी. नोकरी करणारी पोरं सकाळी वर्गात बसायची आणि तिथून कामावर जायची. बसायची हा शब्द मी मुद्दाम लिहिला. 'आम्हाला जाऊ द्या' एवढ्यावर त्यांनी समाधान मानलं नाही, बाकडी मांडली.

आणि 6 डिसेंबरला दादरला बघा. लाखो माणसं शिवाजी पार्कात बसतात, जेवतात, रात्री झोपतात, पुस्तकं विकत घेतात. आजूबाजूच्या खिडक्यांतून दरवर्षी तक्रार ऐकू येते, घाण होते, गर्दी होते. घाण होते हे काही अंशी खरंय आणि आपण ती कमी केली पाहिजे, ही शिस्त आपल्यालाच लावून घ्यायचीय. पण तक्रार फक्त घाणीची असती तर ती झाडू मारल्यावर संपली असती. माझी आई त्या गर्दीत तीन तास मांडी घालून बसते आणि तिला कुणी ऊठ म्हणत नाही. वर्षातून एक दिवस तिचे गुडघे दुखत नाहीत, असं ती म्हणते. मला ते वैद्यकीयदृष्ट्या खरं वाटत नाही.

पुढच्या महिन्यात परत फोर्टात जायचं आहे, राहिलेले कागद घेऊन. आईला म्हटलं, या वेळी साहेबांच्या जेवणाची वेळ टाळून जाऊ. ती म्हणाली, त्याचं जेवण त्याच्या मर्जीवर, आपल्या नव्हं. मग तिनं भांड्यांच्या मांडणीखालचा पाट ओढून काढला, ओल्या फडक्यानं पुसला आणि कागदांच्या पिशवीत बसतो का ते बघायला लागली. बसला नाही. आता ती मोठी पिशवी शिवतीय.