देवघराचे लाकूड

जालना जिल्ह्यात नवे घर बांधणारा गृहस्थ देवघर आणि कपाटे यांसाठी लाकूड निवडावयास वखारीत गेला की सागाचे नाव आपसूक पुढे येते. तेवढी ऐपत नसेल तर कडुलिंबाचा विचार होतो, आणि तोही काहीशा ओशाळ्या मनाने. देवाला उत्तमातच बसवावे, या भावनेचा मी अनादर करीत नाही. परंतु लाकडाची उत्तमता कुळावरून ठरावी की गुणकर्मावरून, हा प्रश्न मला धर्माचाच वाटतो.

वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त प्रतिमेसाठी वृक्ष निवडण्याचे नियम सांगताना वर्णपरत्वे वृक्षांचीही वाटणी केली आहे, ती मला मान्य नाही, मात्र तोडण्यापूर्वी वृक्षाची पूजा करावी आणि त्यावर वसणाऱ्या भूतांना अन्यत्र वस्ती करण्याची विनंती करावी, असे जे विधान त्याच प्रकरणात आहे, त्यातील आश्रय मोडणाऱ्याच्या जबाबदारीची जाणीव मला अत्यंत मोलाची वाटते. आणि कडुलिंबाला हलके मानावे, तर पुरीच्या जगन्नाथाची मूर्ती कडुलिंबाचीच असते. २०१५ च्या नवकलेवरात, म्हणजे मूर्ती बदलण्याच्या विधीतही, ती त्याच लाकडातून नव्याने घडविली गेली. तेथे ज्याला दारुब्रह्माचा, म्हणजे काष्ठरूपी ब्रह्माचा, मान, ते लाकूड आमच्या जिल्ह्यातील अंबड-घनसावंगीच्या बांधावर उभे आहे म्हणून हलके कसे ठरावे?

सुतार नावाला भुलत नाही, तो नार, म्हणजे लाकडाचा आतला गाभा, पाहतो. सागाचाही बाहेरचा पांढुरका थर कीड आणि वाळवी खाते. टिकतो तो आतला तेलकट, सोनेरी-तपकिरी गाभा. जुन्या कडुलिंबाच्या फळीवर रंधा फिरला की तांबूस नार उघडी पडते आणि तिचा उग्र दर्प दरवळतो; कसर सहसा जवळ येत नाही म्हणून कपड्यांच्या कपाटाला ती विशेष योग्य. बाभूळ मात्र जड, चिवट आणि वाळताना तडकणारी. तिचा स्वधर्म बैलगाडीच्या चाकात आणि नांगरात, कपाटाच्या दारात तिला बसविणे हा तिच्यावरच अन्याय.

म्हणून माझा कौल कडुलिंबाला आहे. बांधावर एखादे वठलेले किंवा वादळात उन्मळून पडलेले जुने झाड असेल तर प्रथम ते तोडण्याच्या परवान्याची चौकशी करावी, फळ्या चिरून, मध्ये चिपा ठेवून सावलीत रचाव्यात, निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा, आणि मगच सुताराला बोलवावे.