दोष शोधणे आणि दोष देणे

शाळेच्या बँडमधल्या मुलाच्या सॅक्सोफोनमधून खालचे स्वर उमटेनात, की ऐकणारे चटकन मुलाविषयीच मत बनवतात: दम कमी पडतो, सराव नाही, संगीत मुळात अंगातच नाही. वाद्यदुरुस्ती शिकणाऱ्याला मात्र आधी वाद्य तपासायची सवय लावली जाते. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रेड विंग या गावी बँडच्या वाद्यांची दुरुस्ती हा कॉलेजात शिकवला जाणारा विषय आहे. सॅक्सोफोनच्या नळीवर वीसहून अधिक छिद्रे असतात आणि ती झाकायला कातडे चढवलेली पॅड असतात. वरच्या भागातले एखादे पॅड केसभर जरी उघडे राहिले तरी हवा तिथून निसटते, आणि जवळजवळ सगळी छिद्रे बंद झाल्याशिवाय न उमटणारे खालचे स्वर अडखळतात. म्हणून खोलीत अंधार करून नळीत बारीक दिवा सोडतात. उजेडाची रेघ जिथून बाहेर येईल तिथे गळती. ती रेघ दिसताच मुलावरचा ठपका पुसला जातो. दोष शोधणे आणि दोष देणे या दोन वेगळ्या कृती आहेत आणि पहिली पुरी होण्याआधी दुसरी करणे हा अधर्म आहे, हे या कारागिरीइतके स्पष्ट क्वचितच कुठे शिकायला मिळते, असे मला वाटते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. एवढी कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असेही तिथे म्हटले आहे. हा विचार आपण सहसा यशाला लावतो. यशाचा अहंकार नको, एवढाच बोध घेतो. पण यश एकट्या कर्त्याचे नसेल तर अपयश तरी एकट्या कर्त्याचे कसे? दुरुस्ती शिकणारा रोज हाच प्रश्न हातांनी सोडवत असतो. ट्रम्पेटचा पिस्टन अडकला, तर तेल संपले असेल, मळ साचला असेल, बाहेरच्या नळीला पोचा आला असेल किंवा तीन पिस्टनांची अदलाबदल झाली असेल. कारण प्रत्येक पिस्टन आपापल्या घरातच बसतो. लक्षण एक आणि कारणे चार. कारण न शोधता जोर लावला तर वाद्याला नवी इजा होते. अडकलेला माउथपीस पकडीने पिळून काढू पाहणारा पुढची नळीच पिरगाळून बसतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. वाद्याला इच्छा नसते, माणसाला असते. माणसाच्या चुकांकडे यंत्राच्या बिघाडासारखे पाहिले तर जबाबदारीच उरणार नाही. आक्षेपातली भीती खरी असली तरी निष्कर्ष चुकीचा आहे. गीतेच्या पाच कारणांत कर्ता आहेच, त्याला वगळलेले नाही. गळती बंद केल्यावरही स्वर उमटला नाही, तर शिक्षकाने सराव मागणे पूर्ण न्याय्य ठरते. कारागिराची तपासणी जबाबदारी पुसत नाही, ती योग्य जागी आणून ठेवते.

दुसरा आक्षेप असा की काही दोष दुरुस्त होतच नाहीत. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. श्वासातला ओलावा आणि साचलेला मळ यांमुळे आतून जस्त निघून जाते, तांबूस ठिपके दिसू लागतात आणि धातू ठिसूळ होतो. तिथे हातोडी चालवून उपयोग नसतो. तेवढी नळी बदलावी लागते. पण हाताबाहेर गेलेले ओळखायलाही तीच कसून केलेली तपासणी लागते. शिवाय चांगले पितळसुद्धा पुन्हा पुन्हा ठोकले की कडक होते आणि तडकू शकते. ते तापवून मऊ करावे लागते. सुधारणेचा प्रत्येक घाव काही किंमत मागतो, हे शिक्षा देणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवे. उत्तम कारागीर घरी कठोर असू शकतो, कसब आपोआप शील होत नाही, हेही मला मान्य आहे. तरीही विवेक अभ्यासावाचून येत नाही, आणि इथे अभ्यासाची कसोटी प्रामाणिक असते: हवा निसटते किंवा निसटत नाही, वक्तृत्वाने ती थांबत नाही.

या प्रश्नाला न्यायाचीही बाजू आहे. लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांमध्ये 1959पासून विद्यार्थ्यांची वाद्ये मोफत दुरुस्त केली जातात. अशी सुमारे 80,000 वाद्ये तिथल्या कार्यशाळेच्या भरवशावर आहेत. तिच्यावरच्या ‘द लास्ट रिपेअर शॉप’ या लघुपटाला 2024मध्ये ऑस्कर मिळाले. अशी सोय नसेल तर सधन घरातले मूल वाद्य बदलते आणि गरीब घरातले मूल स्वतःविषयीचे मत बदलते. आपल्याकडे ‘ढ’ हा शिक्का किती सहज बसतो! शिक्का बसलेल्या मुलाचा चष्मा, पुस्तके, झोप, जेवण, शिकवण्याची भाषा ही सारी करणेच आहेत. ती तपासण्याचे कष्ट न घेता कर्त्याला दोषी ठरवणाऱ्याने पाचांपैकी एकच कारण पाहिलेले असते. निवाडा करण्याचा अधिकार उरलेल्या चार कारणांकडे पाहूनच मिळवावा लागतो.