चाकावरचे खोटे नट

अमेरिकेत सुट्टीच्या दिवसांत रस्तोरस्ती दिसणाऱ्या मोटरहोमपैकी मधल्या आकाराच्या पुष्कळ गाड्या फोर्ड ई-४५० च्या चासीवर बांधलेल्या असतात. मागे दुहेरी चाके, प्रत्येक चाकाला आठ नट. रिम साध्या पोलादाची, म्हणून तिच्यावर चकचकीत स्टेनलेस स्टीलचे कव्हर चढवतात. त्या कव्हरवरही नट दिसतात. अनेक कव्हरांवर त्यांतले बहुतेक नुसते आकार असतात. मोजकेच खरोखर फिरतात आणि कव्हर जागेवर धरतात. गाडीचा भार सांभाळणारे नट या सगळ्याच्या आड.

अद्वैत वेदान्ताने अज्ञानाच्या दोन शक्ती मानल्या आहेत: आवरण आणि विक्षेप. एक खरे झाकते, दुसरी त्याच जागी भलतेच भासवते. सदानंदांच्या ‘वेदान्तसार’ या छोट्या ग्रंथात दोहोंची रीतसर फोड आहे. चाकावरचे कव्हर ही दोन्ही कामे एकाच वेळी करते. मग प्रश्न असा, की जे खोटे आहे हे पक्के ठाऊक आहे, ते नीट आवळण्याची जबाबदारी माणसावर उरते का?

रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकाला हा प्रश्न फार मोठ्या रूपात छळत होता. तरुणपणी तो बनारस हिंदू विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञान शिकायला आला होता. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’मध्ये त्याने एक प्रसंग लिहिला आहे. प्राध्यापक जग मायामय असल्याचे सांगत असतात. विद्यार्थी विचारतो, हिरोशिमा-नागासाकीवरचे अणुबाँबही माया समजायचे का? प्राध्यापक हसून हो म्हणतात. विद्यार्थी वर्गातून उठतो आणि पुढे देशच सोडतो.

पुस्तकातल्या त्या प्राध्यापकांचे उत्तर अपुरे होते. अद्वैताच्या शांकर परंपरेत सत्तेच्या, म्हणजे असण्याच्या, तीन पायऱ्या आहेत: पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक. अंतिम सत्याच्या कसोटीवर जग टिकत नाही, पण म्हणून व्यवहारातली भूक, जखम आणि कर्तव्य रद्द होत नाहीत. ब्रह्मज्ञान होईपर्यंत व्यवहार आपल्या जागी पूर्ण खरा असतो. कव्हरवरच्या फिरणाऱ्या नटाला हीच कसोटी लावून पाहावी. चाक धरणारा नट म्हणून तो प्रातिभासिक, निव्वळ भास. पत्रा धरणारा नट म्हणून मात्र व्यावहारिक, आणि तिथे त्याचे काम खरे आहे. भर वेगात तो सुटला आणि धारदार पत्रा मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर गेला, तर त्या जखमेला कोणी भास म्हणणार नाही.

दोन्ही नट आवळायचे, पण सारख्या जोराने नव्हे. आतल्या नटासाठी फोर्डने १४० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १९० न्यूटन-मीटर टॉर्क ठरवून दिला आहे. त्या जोराचा साधारण नव्वद टक्के भाग आट्यांतल्या आणि नटाच्या तळाच्या घर्षणातच खर्ची पडतो. उरलेल्या दहाएक टक्क्यांनी स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, किंचित ताणला जातो. हा ताणच रिमला हबवर घट्ट दाबून ठेवतो. आट्यांत गंज किंवा तेल असेल तर घर्षण बदलते आणि तोच आकडा वेगळा ताण देतो. म्हणून टॉर्क रेंच लागतो, आट्यांची सफाई लागते, समोरासमोरचे नट आलटून-पालटून आवळण्याचा क्रम लागतो.

बाहेरच्या नटाला हा जोर दाखवला तर पत्रा चेपतो, प्लास्टिक असेल तर तडकते, आटे जातात. त्याच्यासाठी हाताचा पाना पुरतो. हवेवर चालणारी नट आवळायची बंदूक तर त्याला लावूच नये. बोटांनी बसेपर्यंत फिरवायचे, मग पान्याने बेताने आवळायचे, कव्हर खुळखुळत नाही एवढे पाहायचे. पिर्सिगनेही आवळण्याच्या अशा पायऱ्या सांगितल्या आहेत: बोटांनी बसलेले, बेताने आवळलेले आणि पक्के. प्रत्येक आकाराच्या आणि धातूच्या नटाला यासाठी लागणारा जोर निराळा, आणि तो हाताला कळावा लागतो. विवेक म्हणतात तो इथे मनगटात असावा लागतो. सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंपैकी कोणावर किती भार आहे हे ओळखून ज्याला जेवढे देणे लागतो तेवढेच द्यायचे.

काही मालक कव्हर काढूनच टाकतात. आवरणच नको, हा संन्यासमार्गी उपाय आहे आणि त्यात खोट नाही. पण ज्ञानदेवांची वाट वेगळी होती. ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात त्यांनी अज्ञानाचेच खंडन केले. दृश्य जग म्हणजे सत्यावर पडलेला पडदा, ही समजूत त्यांनी स्वीकारली नाही. ते त्याच चैतन्याचे प्रकटणे आहे, असे त्यांचे सांगणे. या दृष्टीने पाहिले तर दिखाऊ वस्तूला जन्मतःच दोषी ठरवण्याचे कारण उरत नाही. तिने आतल्या खऱ्याला प्रकट केले की अडवले, एवढेच विचारावे.

याचे सुंदर उदाहरण मालवाहू ट्रकांवर सापडते. ब्रिटनमध्ये अनेक ट्रकांच्या चाकांवर पिवळ्या प्लास्टिकचे बाण दिसतात, प्रत्येक खऱ्या नटावर एक. शेजारच्या दोन बाणांची टोके एकमेकांकडे करून ठेवतात. एखादा नट जरा फिरला की टोकांची जोडी मोडते, आणि गाडीभोवती फेरी मारणाऱ्या ड्रायव्हरला ते वाकूनही पाहावे लागत नाही. हे प्लास्टिकही काही भार पेलत नाही, पण ते आतल्या नटाची अवस्था बाहेर आणून दाखवते.

मोटरहोमच्या कव्हरकडून ही सोय मिळत नाही. उलट त्याचे नट घट्ट लागले की आतलेही घट्ट असतील असे मन धरून चालते, आणि धोका तिथेच आहे. चाक काढून बसवल्यानंतर १६० किलोमीटरच्या आत आतले नट पुन्हा ठरल्या टॉर्कला आवळावेत, असे फोर्डचे सांगणे आहे. त्यासाठी वाटेत थांबून चारही बाजूंची कव्हरे उतरवावी लागतात, टॉर्क रेंच एकेका नटावर टेकवावा लागतो, आणि नंतर कव्हराचे नट परत हाताच्या पान्याने, त्यांच्यापुरत्याच जोराने बसवावे लागतात.