ऋतुधर्म आणि आरोग्यव्रत



देवदर्शनास निघताना आपण स्नान करतो, धूतवस्त्र नेसतो, उंबरठ्याबाहेर पादत्राणे काढून हातपाय धुतो. ही शुचिता देवासाठी आहे, असे आपण समजतो. वस्तुतः परमेश्वराला कशाचीच न्यूनता नाही. शुचिता आहे ती आपल्याच कल्याणासाठी. ज्या मुखाने नामस्मरण करावयाचे, ज्या पायांनी प्रदक्षिणा घालावयाची आणि ज्या हातांनी दुसऱ्याच्या उपयोगी पडावयाचे, तो देह ही ईश्वराने आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे. ठेवीचा सांभाळ हाही धर्मच होय. आजचे निरूपण या ठेवीविषयी आहे.

गंगातीरावरील उपदेश

चरकसंहितेच्या विमानस्थानात एक मननीय प्रसंग आला आहे. ग्रीष्माचा शेवटचा महिना आहे. पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ, गंगेच्या तीरावर, भगवान पुनर्वसू आत्रेय शिष्यांसमवेत संचार करीत आहेत. निसर्गाची विपरीत लक्षणे पाहून ते अग्निवेशास सांगतात, की भूमीतील रस नष्ट होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवाव्यात. संकट येण्याआधी सिद्धता करावी, हा त्यातील पहिला बोध.

अग्निवेशाने मोठा मार्मिक प्रश्न विचारला. माणसांची प्रकृती निराळी, आहार निराळा, वय आणि बळ निराळे. असे असता एकच रोग एकाच वेळी साऱ्या जनपदाला कसा ग्रासतो? आत्रेय उत्तरले, की माणसे भिन्न असली तरी वायू, जल, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समान आहेत. या चार बिघडल्या की सारेच आजारी पडतात. त्या बिघडण्याचे मूळ अधर्मात आहे आणि अधर्माचे मूळ प्रज्ञापराधात, म्हणजे बुद्धीने केलेल्या अपराधात आहे.

हे वचन नवी मुंबईतील कुटुंबांनी हृदयी धरण्याजोगे आहे. एका बाजूस पारसिकची डोंगररांग, दुसऱ्या बाजूस ठाण्याची खाडी, आणि मधे गावठाणे, वसाहती व उंच इमारती दाटीने उभ्या. यांपैकी फार मोठ्या वस्तीची तहान धावरी नदीवरील मोरबे धरण भागविते. डासाला गावठाण आणि सोसायटी यांतील भिंत दिसत नाही. म्हणून आरोग्य हे एकट्याचे नसते, ते शेजाऱ्याच्या आरोग्याशी बांधलेले असते.

प्रज्ञापराधाची तीन रूपे

शास्त्रकारांनी प्रज्ञापराध तीन प्रकारे सांगितला आहे: धी, धृती आणि स्मृती यांचा भ्रंश. म्हणजे चुकीचे समजणे, समजूनही निग्रह न राहणे, आणि समजलेले विसरून जाणे. पावसाळ्यातील तापाच्या साथीत हे तिन्ही अपराध आपल्याच घरात दिसतात.

पहिला अपराध समजुतीचा. डास केवळ गटारात होतात, असे आपण धरून चालतो. परंतु डेंग्यू पसरविणारा डास घरातील स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. फुलदाणी, कुंडीखालची ताटली, वातानुकूलन यंत्राचे पाणी, गच्चीवरचा जुना टायर, शीतकपाटामागील तबक ही त्याची स्थाने होत. मलेरियाचा डास रात्री चावतो. शहरात तो झाकण नसलेल्या टाक्यांत आणि बांधकामावरील साचलेल्या पाण्यात वाढतो. देवकार्यही यातून सुटत नाही. वाढविलेल्या नारळाची करवंटी उघड्यावर टाकली आणि तीत पावसाचे पाणी साचले, तर देवाला अर्पिलेल्या फळातूनच रोग निपजतो. म्हणून करवंटी पालथी घालावी अथवा कचऱ्याच्या पात्रात टाकावी. निर्माल्य निर्माल्यकलशातच द्यावे.

दुसरा अपराध निग्रहाचा. अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस घरातील सर्व साठविलेले पाणी ओतून, भांडी आतून घासून कोरडी केली, तर ही साखळी तुटते. नुसते ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. आरोग्य खाते यास कोरडा दिवस पाळणे म्हणते. आपण सोमवार, गुरुवार, शनिवार निष्ठेने करतो. त्याच वारी हेही व्रत जोडावे. याला उद्यापन नाही, खर्च नाही, आणि त्याचे फळ शेजाऱ्यालाही मिळते.

तिसरा अपराध विस्मरणाचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर व इतर प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायाच्या जखमेतून शरीरात रोग नेते. हे आपण विसरतो आणि अनवाणी पुराच्या पाण्यातून चालतो. तसे चालणे घडलेच, तर पाय साबणाने धुवावेत आणि तीन दिवसांच्या आत दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे.

अंगारा आणि औषध

ताप आला की माय-माउली देवाचा अंगारा लावते. ती श्रद्धा आहे, ती असावी. परंतु अंगारा लावून रुग्णाला घरी ठेवणे ही श्रद्धा नव्हे. वैद्याच्या हातातही तोच ईश्वर कार्य करतो. महानगरपालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत तापाच्या रुग्णाचे रक्त तपासले जाते, बालकांचे लसीकरण व गर्भवतींची तपासणी होते. वाशीचे सार्वजनिक रुग्णालय, नेरूळचे माँसाहेब मीनाताई ठाकरे रुग्णालय आणि ऐरोलीचे राजमाता जिजाऊ रुग्णालय ही पालिकेचीच सेवास्थाने होत. संकटसमयी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. आशा सेविका दारी आली तर तिला परतवू नये.

डेंग्यूचा संशय असता अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. काहींमुळे रक्तस्राव वाढतो. ताप उतरला म्हणजे संकट टळले, असेही समजू नये. त्याच वेळी पोटात तीव्र वेदना, सतत वांत्या, हिरड्यांतून रक्त किंवा अस्वस्थता दिसली तर तत्क्षणी रुग्णालय गाठावे. जुलाब झालेल्या बालकास पाणी बंद करू नये. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे. हे माप लहान चहाच्या चमच्याचे आहे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे.

चातुर्मास आणि ग्रीष्म

वर्षाऋतूत जठराग्नी मंद असतो, म्हणून चरकांनी जुने धान्य आणि उकळून थंड केलेले पाणी सांगितले, नदीचे पाणी वर्ज्य केले. चातुर्मासातील मिताहाराचे मर्म यातच आहे. मात्र साबुदाणा, बटाटा आणि तळलेले पदार्थ पोटभर खाऊन उपवासाचे फळ मिळत नाही. मधुमेही, गर्भवती आणि नित्य औषध घेणाऱ्यांनी वैद्यास विचारूनच उपवास करावा. त्यांनी औषध चुकविण्यापेक्षा उपवास सोडणे श्रेयस्कर.

उन्हाळ्याविषयीही सावध राहावे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा जणांचे प्राण गेले. भक्तिभावाने आलेली ती माणसे होती. त्यांचे स्मरण ठेवून आपण भर दुपारची पदयात्रा टाळावी, डोके झाकावे, तहान नसतानाही पाणी प्यावे, वृद्ध व बालकांना सावलीत बसवावे. कोणी भोवळ येऊन पडल्यास सावलीत नेऊन अंग ओल्या वस्त्राने पुसावे, वारा घालावा आणि १०८ ला कळवावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

सेवा हीच पूजा

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून मने झाडावीत, हा त्यांचा क्रम. सावित्रीबाई फुले १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत असतानाच त्या रोगाने निवर्तल्या. त्यांच्या त्यागाचा अंशही आपल्याकडून मागितलेला नाही. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करणे, तापाच्या शेजाऱ्याला दवाखान्यात नेणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धाची विचारपूस करणे, एवढेच आपल्या वाट्याचे आहे.

येथून परतताना प्रसादासोबत हा एक संकल्प घरी न्यावा: ठाऊक असलेले हित मी टाळणार नाही. ज्या घरी हा संकल्प पाळला जाईल, त्या घरावर आणि त्याच्या शेजारावर भगवंताची कृपा राहो.

॥ सर्वांचे कल्याण होवो ॥