हागारेस कोणीं विचारिलें?

अपत्यहीन दांपत्याचें बीज दुसऱ्या स्त्रीच्या उदरांत वाढवून घेण्याच्या रीतीस सरोगसी म्हणतात. ख्रिस्ती मनुष्यानें तिजविषयीं काय मत धरावें, हा प्रश्न आतां शहरांपुरता राहिलेला नाहीं. म्हणून आम्ही येथें त्याचा थोडा विचार करितों.

पूर्वीं आपल्या देशांत ही गोष्ट पैसे देऊन उघडपणें होत असे. २५ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलेल्या २०२१ च्या सरोगसी नियमन कायद्यानें तो व्यापार बंद केला; कायदा मोडणाऱ्यास १० वर्षांपर्यंत कैद व १० लक्ष रुपयांपर्यंत दंड आहे. कूस देणारी स्त्री लग्न झालेली, स्वतःचें मूल असलेली, २५ ते ३५ वर्षांची असावी. तिनें हें आयुष्यांत एकदांच करावें. तिला औषधोपचाराचा खर्च व ३६ महिन्यांचा विमा मिळावा, मोबदला नव्हे.

कित्येक म्हणतील कीं, पैसा गेला, आतां दोष कसला? आम्हांस तसें वाटत नाहीं. सारेनें हागारेस एक दमडीहि दिली नव्हती. हागार भाड्यानें आणलेली नव्हती. ती घरांतलीच दासी होती. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायांत सारेचें बोलणें आहे, अब्राहामाचें ऐकणें आहे. हागारेस कोणीं विचारिलें, हें कोठेंहि सांपडत नाहीं. गर्भ राहिल्यावर जाच सोसवेना म्हणून ती रानांत पळाली. तेथें प्रभूच्या दूतानें तिला नांवानें हाक मारिली; धनी व धनीण तिला नुसतें दासीच म्हणत. हागारेचें मूल तिच्या रक्ताचें होतें, आणि आजचा कायदा कूस देणारीचें बीज वापरूं देत नाहीं, हा भेद आम्ही जाणतों. परंतु विचारण्याची गोष्ट दोन्हींकडे एकच आहे.

आमच्या मेहकर-चिखलीकडील घरांत ही वेळ आली तर कोणाकडे डोळे वळतील? धाकट्या जावेकडे, किंवा माहेरीं परत आलेल्या बहिणीकडे. तिला समजेल अशा भाषेंत सर्व सांगून लेखी संमति घ्यावी, आणि गर्भ उदरांत ठेवीपर्यंत तिला माघार घेतां येईल, असें कायदा म्हणतो. फार चांगलें. पण ज्यांच्या हातची भाकरी खावयाची त्यांच्यासमोर ती नाहीं कशी म्हणेल? म्हणून अशा घरानें प्रार्थनेस बोलाविल्यास, उपदेशकानें आधीं मंडळींतील एखाद्या वडील बाईस त्या स्त्रीशीं एकांतांत बोलूं द्यावें. तिची कूस म्हणजे घराचें सामाईक शेत नव्हे.

मूल मागणाऱ्या स्त्रीस मात्र आम्ही दोष देत नाहीं. २०१५ सालीं नागपूर खंडपीठानें सरोगसीनें आई झालेल्या एका बाईस प्रसूति-रजेचा हक्क दिला, तो योग्यच होता. जिजाऊंचें सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यांत आहे तेथें मातृत्वाची थोरवी सांगावी लागत नाहीं. पण त्याच जिल्ह्यांत, आणि मंडळींतहि, वांझ हा शब्द अजून सहज उच्चारला जातो. त्या शब्दाच्या धाकानेंच पुष्कळ सारा हागार शोधूं लागतात.

दत्तकाचा मार्ग फार थोड्यांस ठाऊक आहे. पूर्वीं ख्रिस्ती दांपत्यास १८९० च्या कायद्यानें केवळ पालकत्व मिळे. आतां बालन्याय कायद्यान्वयें त्यांस पूर्ण दत्तक घेतां येतें, आणि तें मूल कायद्यानें त्यांचेंच होतें. याची चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षांत करावी.